गणपतीचे परत आलेले आमंत्रण

"थांबू या थोडं," बापूबुवा म्हणाले. "बडोद्याची माणसं ही. सहाचं कीर्तन म्हणजे सव्वासहाला घरून निघणार."

हे ते तिसऱ्यांदा म्हणत होते. पहिल्यांदा म्हणाले तेव्हा सहा वाजून पाच मिनिटे झाली होती. आता पावणेसात होत आले होते. पेटीवाल्याने दोनदा सूर धरून सोडून दिला होता. तबलजी हातोडीने उगीचच गट्टे ठोकत बसला होता. मांजलपूरच्या त्या नव्या हॉलमध्ये मांडलेल्या तीनशे खुर्च्यांपैकी अकरा खुर्च्यांवर माणसे होती, आणि त्या अकरांतले पाच जण तर सभेच्या कार्यकारिणीचेच होते.

निरुपमा दारात गंधाचे तबक घेऊन उभी होती. येणाऱ्याच्या कपाळी गंध लावायचे, हे हरिरंग कीर्तन सभेत गेली एकवीस वर्षे तिचे काम. गंध बोटावरच वाळून गेले होते. तिने ते पुन्हा ओले केले, रस्त्याकडे पाहिले. रस्त्यावरून स्कुटरी चालल्या होत्या, एकही थांबत नव्हती.

सभेचे अध्यक्ष उदयसिंहराव पुढच्या रांगेतून उठून तिच्याकडे आले. त्यांनी हातातला फोन तिच्यासमोर धरला. पाचशे ऐंशी नावे, आणि प्रत्येक नावापुढे एक हिरवी खूण. "बघा निरुपमाबाई. पाचशे ऐंशी आमंत्रणं गेली. एकही चुकलेलं नाही. आता माणसांनाच यायचं नसेल तर आपण काय करणार?"

शेवटी बुवा उभे राहिले. एक्याऐंशी वर्षांचा देह, डोक्याला पगडी, खांद्यावर उपरणे, हातात चिपळ्या. देव निरोप न धाडता स्वतःच भक्ताच्या दारी जातो, ते आख्यान त्यांनी लावले होते. दोन तास. अकरा माणसांपुढे त्यांनी एक ओवी गाळली नाही, एक दृष्टान्त आवरता घेतला नाही. मध्यंतरात बुवांना हार घालून बुक्का लावायला माणसे ओळीने पुढे येतात, तोवर नामाचा गजर चालू राहतो. त्या दिवशी गजर रंगायच्या आतच ओळ संपली. बुवांनी तरीही डोळे मिटून तो पुरा केला.

आरती झाल्यावर चिपळ्या उपरण्यात गुंडाळता गुंडाळता त्यांनी विचारले, "निरू, आपल्या विठोबाचं दार सकाळी किती वाजता उघडतं गं?"

"साडेपाचला, बुवा. का हो?"

"काही नाही. सहज."

*

निरुपमेची सदतीस वर्षे पोस्टात गेली. त्यातली शेवटची अकरा परत आलेल्या पत्रांच्या टेबलावर. पत्ता सापडला नाही, माणूस घर सोडून गेला, माणसाने घ्यायचे नाकारले, अशी जी पत्रे माघारी येत ती तिच्यासमोर यायची आणि ती ज्याची त्याला परत धाडायची. हे टेबल कोणालाच नको असे. तिला मात्र ते आवडायचे. परत आलेले पत्र खरे बोलते, असे तिचे म्हणणे होते. का पोचलो नाही ते कपाळावर लिहून येते बिचारे.

दुसरी आवड कीर्तनाची. वडील रेल्वेत होते. पाळी संपली की निळ्या सदऱ्यातच तिला सायकलवर पुढे बसवून पाणीगेटला कीर्तनाला न्यायचे. बापूबुवा तेव्हा ऐन उमेदीत होते. ऐकता ऐकता ती वडिलांच्या मांडीवर झोपून जाई आणि गजराच्या वेळी दचकून उठे, टाळ्या वाजवायला. देव आहे, हे तिला कोणी पटवून द्यावे लागले नाही. तिने त्याला बुवांच्या तोंडून ऐकला होता.

तर कीर्तनानंतरच्या रविवारी सभेच्या कार्यकारिणीची बैठक बसली. इतिवृत्त लिहायचे काम निरुपमेचे. पूर्वी दर वर्षी छापील आमंत्रणे टपालाने आणि हाताने जायची. या वर्षी प्रथमच ती सभेच्या नव्या वेबसाइटवरून ईमेलने गेली होती. फोनवरच्या गटात टाका म्हणून कोणी सुचवले होते, तर उदयसिंहराव म्हणाले होते, सकाळच्या गुड मॉर्निंगच्या फुलांत काय देवाचं आमंत्रण घालायचं? ते सगळ्यांना पटले होते. आता बैठकीत एकाने म्हटले, कीर्तनात लोकांना रस उरलेला नाही. दुसऱ्याने म्हटले, बुवांचे वय झाले, आवाज पोचत नाही. तिसऱ्याने पुढच्या वर्षी कीर्तनाच्या जागी सुगम संगीत ठेवू असे सुचवले. दहा मिनिटांत ठराव तयार झाला. उदयसिंहराव म्हणाले, "लिहा निरुपमाबाई. लोकांचा प्रतिसाद नसल्यामुळे वार्षिक कीर्तन बंद करण्याचं ठरलं."

निरुपमेने पेन ठेवले.

"हे मी लिहिणार नाही."

सगळे तिच्याकडे पाहू लागले. एकवीस वर्षांत ती बैठकीत बोलल्याचे कोणाला आठवत नव्हते.

"प्रतिसाद नाही हे कुणी तपासलं? एवढी मोठी गोष्ट बुवांच्या नावावर लिहायची, तर आधी विचारायला नको लोकांना?"

उदयसिंहरावांनी पुन्हा फोन काढून हिरव्या खुणा दाखवल्या. ती म्हणाली, पोस्टात आम्ही पेटीत टाकलेल्या पत्राला पोचलेलं म्हणत नव्हतो. पुढच्या बैठकीपर्यंत मला वेळ द्या. एवढ्यावर ठराव महिनाभर लांबला.

घरी नवऱ्याने, वसंताने, चहाचा कप पुढे ठेवला. "पोस्टानं तुला सोडलं तीन वर्षांपूर्वी," वसंत म्हणाला. "तू कधी सोडणार पोस्टाला?"

*

सगळ्यांत आधी ती गेली बळवंतरावांकडे. रेल्वेतले निवृत्त गार्ड, तिच्या वडिलांचे स्नेही. दोन गल्ल्या सोडून राहायचे. कीर्तनाला पहिल्या रांगेत उजवीकडून तिसरी खुर्ची त्यांची. म्हाताऱ्याने दार उघडले, पण आत ये म्हटले नाही.

"आम्ही जिवंत आहोत का ते बघायला आलात?"

"काका, असं काय बोलता?"

"मग काय बोलू? एकोणचाळीस वर्षं बापूचं कीर्तन चुकवलं नाही मी. यंदा आमंत्रणसुद्धा नाही. हॉल बदलला म्हणे, तो कुठं ते कुणी सांगितलं नाही. बोलावल्याशिवाय मी फक्त देवळात जातो, निरू. सभेत नाही."

तिने त्यांचा फोन मागितला. त्यांना दिसत होते तिथे आमंत्रण नव्हतेच. तिने स्पॅमचा कप्पा उघडला. परदेशी लॉटरी, टक्कल घालवणारे तेल, कर्ज घ्या कर्ज; आणि त्या तेलाच्या खाली 'श्री हरिरंग कीर्तन सभा, सस्नेह निमंत्रण'. वर लाल पट्टीत इशारा: हा संदेश ज्याच्या नावाने आला आहे त्यानेच पाठवला असेल याची खात्री नाही, सावध राहा.

निरुपमेच्या कानशिलांत रक्त चढले. विठोबाच्या दारचे बोलावणे आणि त्याला सावध राहा म्हणून लाल पट्टी! बळवंतरावांनी चष्मा वर सारून ते वाचले, पुन्हा वाचले. मग दारातून बाजूला झाले. "ये आत," म्हणाले. "मी उगाच बोललो तुला."

पुढच्या चार दिवसांत ती सव्वीस घरी जाऊन आली. आठ ठिकाणी आमंत्रण असेच उकिरड्यात सापडले. अठरा ठिकाणी कुठेच नव्हते. बहुतेक घरी पहिला प्रश्न एकच होता, बुवा बरे आहेत ना? यंदा कीर्तन का नाही ठेवलं?

रस नाही म्हणे लोकांना.

अठरा ठिकाणी पत्र नाही, म्हणजे ते कुठेतरी माघारी गेले असणार. सदतीस वर्षांच्या सवयीने तिने स्वतःला विचारले, परत आलेले पत्र कोणाकडे जाते? ज्याचे नाव पाठवणारा म्हणून लिहिले असेल त्याच्याकडे. ती उदयसिंहरावांच्या घरी गेली.

आमंत्रणावर अध्यक्षाचे नाव असण्याची रीत त्यांचे वडील अध्यक्ष होते तेव्हापासूनची. त्यामुळे वेबसाइट झाली तेव्हाही त्यांनी बजावले होते की ईमेल माझ्या नावाने, माझ्या स्वतःच्या पत्त्यावरून गेले पाहिजे. त्यांचा तो पत्ता सभेचा नव्हता. फुकट मिळणारा, खाजगी. निरुपमेने विचारले, त्या दिवशी काही माघारी आले होते का? ते जरा अवघडले. "आलं होतं खूप. इंग्रजीत. मला वाटलं कुणी माझ्या पत्त्यात घुसलंय. पुतण्याला सांगून सगळं एका कप्प्यात टाकलं. टाकून द्यायची सवय नाही ना आमच्याकडे कशाचीच."

कप्प्याचे नाव 'भंगार'. आत चारशे बारा पत्रे होती, न उघडलेली. निरुपमेने सगळ्यात जुने उघडले. पहिले परत आलेले आमंत्रण गणपतीचे होते.

तिला आधी कळेचना. मग उदयसिंहरावांनी सांगितले. मंगलकार्याचे पहिले आमंत्रण गणपतीला ठेवतात, तसे यादीत पहिले नाव गणपतीचे घालायला त्यांनी वेबसाइटवाल्याला सांगितले होते. त्याने सभेच्या नावापुढे गणपती लिहून एक पत्ता ठोकून दिला. त्या पत्त्याची टपालपेटी कोणी उघडलीच नव्हती. आणि मानापमान नको, कोणाला आधी कोणाला मागून असे नको, म्हणून मुहूर्त पाहून सगळी आमंत्रणे एका मिनिटात सोडायची हाही त्यांचाच आग्रह होता.

त्यांनी खिडकीबाहेर पाहत विचारले, "यात माझं काही चुकलं का?"

वडीलधाऱ्या माणसाला त्याच्याच घरी काय बोलायचे? परत आलेल्यांची यादी घेऊन निरुपमा निघाली, ती थेट अलकापुरीला.

*

वेबसाइट करून देणारा पीयूष तिसऱ्या मजल्यावरच्या एका काचेच्या खोलीत बसायचा. तिशीचा, गोड बोलणारा. त्याने पाणी दिले, खुर्ची दिली आणि पडद्यावर त्याच त्या 'सेन्ट', म्हणजे गेले, अशा हिरव्या खुणा दाखवल्या. "निरुबेन, अमारी बाजूथी तो बधुं ओके छे. सेन्ट बतावे छे ने."

"पोचलं का ते बतावे छे का?"

पोचले की नाही ते आमच्या हातात नाही, असे तो म्हणाला. स्पॅममध्ये गेले तर त्यात आम्ही काय करायचे?

हे तिला झोंबले. बडोद्याच्या उन्हात, पुरात, संपातसुद्धा दारोदार फिरलेले पोस्टमन तिने पाहिले होते. पत्र बाहेर पडले की आमचे काम संपले असे त्यांतला एक जरी म्हणाला असता तर साहेबाने त्याला उभा केला असता. आणि हा काचेत बसून खांदे उडवतो? चारशे बारा माघारी आली, आणि याच्या पडद्यावर चारशे बारा हिरव्या खुणा! तिला त्या खुणांचाच राग आला. खोटी साक्ष देणाऱ्या माणसाचा येतो तसा.

ती घरी आली आणि वाचायला बसली. आठवडाभर सकाळी पूजा झाली की वही घेऊन बसायची. इंग्रजी अडले तर वसंताला विचारायची, रिफायनरीत त्याने यंत्रांची जाड जाड पुस्तके वाचली होती. आणि वाचता वाचता तिला आश्चर्य वाटू लागले, की यात काहीच नवे नव्हते. हे सगळे तिला पोस्टात शिकवलेले होते. पत्र कुणाच्या नावाने आले एवढेच कोणी पाहत नाही. ते कोणत्या दारातून आले, त्या दाराला ते नाव वापरायची मुभा आहे का, लाखेवरची मोहोर शाबूत आहे का, हे पाहतात. आमंत्रण वेबसाइटच्या यंत्रावरून निघाले होते आणि त्यावर नाव होते उदयसिंहरावांच्या खाजगी पत्त्याचे. त्या यंत्राला त्या नावाने पत्र पाठवायचा काहीच अधिकार नव्हता. सही एकाची, हात दुसऱ्याचा. वर मोहोर नाही. वर एका मिनिटात पाचशे ऐंशी. वर पहिलाच पत्ता खोटा. पलीकडचे पहारेकरी झोपलेले नव्हते, त्यांनी ते पत्र भामट्याचे समजून परतवले. ती त्यांच्या जागी असती तर तिनेही तेच केले असते.

वहीत तिने काय काय करायचे ते लिहून काढले. पत्र सभेच्या स्वतःच्या नावाच्या पत्त्यावरून जायला हवे. वेबसाइटच्या यंत्राने ते स्वतः टाकू नये, टपाल पोचवणे हाच ज्यांचा धंदा त्या एखाद्या सेवेकडे सोपवावे. त्या सेवेला आपली परवानगी आहे, ही तिची मोहोर, आणि आमच्या नावाने कोणी खोटे पत्र धाडले तर त्याचे असे करा, अशा तीन नोंदी सभेच्या डोमेनमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या नावाच्या खात्यात, घालाव्या. परत आलेले पत्र उघडणाऱ्या माणसाकडे यावे.

पीयूषने वही वाचली आणि म्हणाला, काले करी आपीश, उद्या करून देतो. उद्या गेली तर परवा. परवा गेली तर, डोमेन आमच्या कंपनीच्या नावावर आहे, त्याचा पासवर्ड साहेबांकडे असतो, साहेब सुरतेला. निरुपमेने पिशवीतून पाण्याची बाटली काढली, जपमाळ काढली आणि बाकावर बसली.

"बेन, क्यां सुधी बेसशो?"

"साहेब येईपर्यंत. मला काही घाई नाही, भाई. माझ्या बुवांनी पाऊण तास रिकाम्या खुर्च्यांसमोर वाट बघितली. त्यापेक्षा जास्त बसेन."

अकरा वाजता ती बसली होती. जेवायची वेळ टळली. दोनदा त्याने चहा मागवला, दोनदा तिने तो प्यायला, शांतपणे. त्या काचेच्या खोलीत गिऱ्हाइके येत, तिच्या हातातल्या माळेकडे पाहत आणि हळू आवाजात बोलत. साडेतीनला पीयूषने फोनवर कुणाशी तरी बोलून पासवर्ड मिळवला. ती त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली, आणि वहीतली एकेक ओळ त्याने तिच्यासमोर भरली. तिसरी नोंद भरताना तो थांबला. "साचुं कहुं, बेन? आ में कदी वांच्युं ज नथी. साइट बनी जाय, बटन दबाय, सेन्ट आवे. कोई पूछतुं नथी."

म्हणजे कोणी विचारले नाही म्हणून याने कधी वाचलेही नव्हते. खरे बोलल्याबद्दल तिने त्याला माफ केले. पण राग गेला नाही. राग त्या एका पोरावरचा नव्हताच आता.

शेवटी तिने गणपतीसाठी खरोखरची पेटी उघडायला लावली. पहिले पत्र तिथेच धाडले. ते आले. त्या पत्राच्या माथ्यावरचा, एरवी कोणी उघडत नाही तो मजकूर तिने उघडवला. तीन तपासण्या, आणि तिन्हींपुढे एकच शब्द: पास. पीयूषला हसू आले. "गणपतिदादा पास थई गया."

निरुपमेने पडद्याला हात जोडले.

*

बैठकीत तिने सगळे मांडले. रागाने तिचा आवाज कापत होता, पण ती थांबली नाही. चारशे बारा परत आली, ती भंगार म्हणून बाजूला पडली. उरलेली तेलाच्या जाहिरातीखाली गेली. "आणि आपण इथे बसून काय लिहायला निघालो होतो? लोकांना रस नाही. बुवांचा आवाज पोचत नाही. अहो, गणपतीचं आमंत्रणसुद्धा परत आलं होतं. त्यालाही रस नव्हता का कीर्तनात?"

ठराव आपोआपच बारगळला. पण तेवढ्याने तिचे भागणार नव्हते. पुढच्या आमंत्रणात एक ओळ लिहायची आहे, ती म्हणाली: गेल्या वर्षीचे आमंत्रण आपल्यापर्यंत पोचले नाही, चूक सभेची होती. त्यावर मात्र कुजबुज सुरू झाली. मंगलपत्रिकेत चुका लिहितात का कधी? तांत्रिक अडचण म्हणा फार तर. अपरिहार्य कारण म्हणा.

"आणि सगळ्यांना एकाच मुहूर्तावर जाणार नाहीत," ती म्हणाली. "नवं दार आहे, ओळख व्हायला हवी. रोज थोडी थोडी जातील. मुहूर्तावर एकच जाईल, गणपतीचं. बाकी अध्यक्षांच्या पत्त्यावरून नाही, सभेच्या पत्त्यावरून."

म्हणजे वडिलांपासूनचे नाव गेले. सगळ्यांनी उदयसिंहरावांकडे पाहिले. ते बराच वेळ तिने लिहिलेला कागद वाचत होते. मग त्यांनी पेन मागितले आणि 'चूक सभेची होती' यातला 'सभेची' हा शब्द खोडून वर 'माझी' लिहिले.

"वर माझं नाव नको," ते म्हणाले. "या ओळीच्या खाली घाला."

*

परत आलेल्यांच्या नावांची यादी छापून ती पाणीगेटला बुवांच्या खोलीवर गेली, तेव्हा ती हवेत तरंगत होती. बुवा पलंगावर बसून ज्ञानेश्वरी चाळत होते. खुंटीवर पगडी होती. तिने कागद त्यांच्या हातात दिले, सगळी हकिगत सांगितली. बुवांनी चष्मा लावला. पहिले नाव वाचून ते थांबले.

"याचंही परत आलं?" आणि खो खो हसले. कितीतरी दिवसांनी.

मग ते एकेक नाव मोठ्याने वाचू लागले. मध्येच म्हणत, हा अजून आहे? हिच्या लग्नाच्या आधी हिच्या आजीनं मला पेढे दिले होते. चार पाने वाचून झाली. पाचव्या पानावर आवाज बारीक झाला.

"हे सगळे येणार होते, निरू?"

"बोलावलंच नव्हतं हो कुणाला, बुवा. तुम्हाला कुणी टाकलं नव्हतं. पुढच्या मार्गशीर्षात तुम्ही उभे राहा, मग बघा."

बुवांनी कागद नीट जुळवून उशाशी ठेवले. "मी कीर्तनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विठोबाकडे गेलो होतो. साडेपाचला. तूच वेळ सांगितलीस."

ती पलंगाच्या कडेशी टेकली.

"म्हटलं, देवा, माणसं उठून गेली नाहीत, ती आलीच नाहीत. म्हणजे आता तुलाच पुरे झालं असेल. चिपळ्या त्याच्या पायांशी वाहिल्या."

"मग पुजारीबुवांना सांगते मी. ते आनंदानं परत देतील. तुम्हाला खोटं कळलं होतं. खोट्यावर वाहिलेलं..."

"तो देईल गं." बुवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "मी कसा घेऊ? देवाला दिलेलं परत मागितलं, तर इतकी वर्षं गादीवर उभा राहून मी लोकांना काय सांगत होतो?"

ती जिना उतरून खाली आली आणि स्कुटरला किल्ली लावून तशीच उभी राहिली. पाणीगेटची गर्दी बाजूने वाहत होती. चारशे बारा पत्रे शोधून काढता आली, हे एक पत्र मात्र बुवांपर्यंत पोचायला उशीर झाला होता. आणि त्या हिरव्या खुणा अजूनही कुणाच्या तरी फोनवर तशाच असतील, ठळक, समाधानी. तिने रस्त्यातच पदराने डोळे पुसले. कोणी पाहिले तर पाहू दे, असे वाटले तिला.

*

मार्गशीर्षातल्या एकादशीला गंधाचे तबक तिला तीनदा भरावे लागले. सहाला दहा कमी असताना खुर्च्या संपल्या, मग सतरंज्या आल्या. बळवंतराव उजवीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसले होते. उदयसिंहराव दाराशी उभे राहून प्रत्येकाला नमस्कार करत होते, आणि कोणी त्या ओळीचा विषय काढलाच तर मान खाली घालत होते. यादीतल्या दोन जणांची आमंत्रणे या वेळीही परत आली होती. ती निरुपमेने त्याच दिवशी हाताने नेऊन दिली होती.

गादीवर उभी होती उत्कर्षा, बुवांची शिष्या, दिवसा शाळेत शिकवणारी. कीर्तन तिने स्वीकारले, पण एका अटीवर: बुवा समोर बसले पाहिजेत. ते बसले होते, पहिल्या रांगेच्याही पुढे, एका वेगळ्या खुर्चीवर. पगडी नव्हती; साधी पांढरी टोपी. सहा वाजले तसे उत्कर्षेने त्यांच्याकडे पाहिले आणि हळूच विचारले, "थांबू या का थोडं?"

बुवांनी मागे वळून सगळा हॉल पाहिला. दारापर्यंत. दारात निरुपमा होती.

"नको," ते म्हणाले. "सुरू कर."

उत्कर्षा गायली, तिच्या वयाला शोभेलसे, अधूनमधून घाई करत. मध्यंतरात तिला हार घातला गेला, बुक्क्यासाठी ओळ लागली आणि गजर उठला. ओळ संपता संपेना. शेकडो टाळ्या एका तालात पडत होत्या, आणि गादीपुढून निघालेली माणसे तशीच पुढे येऊन बुवांच्या पायांशी वाकत होती. निरुपमा शेवटी गेली. वाकली आणि तिची नजर त्यांच्या उजव्या हातावर गेली.

बुवांचे डोळे मिटलेले होते. हात मांडीवर होता, पण अंगठा आणि दोन बोटे मिटत होती, उघडत होती, जशी चिपळ्या धरल्यावर मिटतात. बोटांत काही नव्हते. ती तिथेच खाली सतरंजीवर बसली आणि गजर संपेपर्यंत त्या हाताकडे पाहत टाळ्या वाजवत राहिली.